स्रोत : इतर

हिंगोलीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं
मी पाण्याची कठीणता मोजते.
खाली चंचुपात्र, वर ब्युरेट, थेंब थेंब,
आणि तांबडा रंग
कुठल्याशा एका थेंबाला निळा होतो.
तिथं हात थांबवायचा. आकडा लिहायचा.
सेनगावकडचं पाणी फार वेळ लावतं,
पोटात दगड घेऊन आलेलं असतं.

चौदा हजार फुटांवर रिंचेन म्हणाला,
आता बोलू नका, दम राखा.
दगडांची शेवटची चढण संपली
आणि खाली तेच निळं.
जणू कुणीतरी आधीच थेंब टाकून
हात थांबवून गेलेलं.

बाकीचे फोटो काढत होते.
मी सवयीनं उकिडवी बसले,
त्याच पाण्यानं बाटली तीनदा खंगाळली,
भरली, चिठ्ठी लावली. ठिकाण, तारीख, वेळ.
बोटं आपली राहिली नव्हती.
पलीकडच्या काठाला हिमनदी,
जिनिंगच्या आवारात भिजलेल्या
कापसाच्या गंजीसारखी मळकी.
किती मागं सरकली, विचारलं.
त्यानं फूट-मीटर सांगितलं नाही.
बापाच्या लहानपणी इथं होती, म्हणाला,
माझ्या सॅकवर बोट ठेवून.
आमच्याकडंही असंच सांगतात,
आज्याच्या वेळी अडीच परसावर होतं.

सोमवारी अनीसनं नमुना लावला.
मॅडम, मशीन बिघडलंय. अकरा दाखवतंय.
पुन्हा जुळवलं. पुन्हा अकरा.
पहिल्याच थेंबाला निळं.
फॉर्मवर विहीर, बोअर, नळ, टँकर, इतर.
मी इतरवर खूण केली.
गावाचा रकाना तसाच ठेवला.

उरलेलं मायसाठी घरी नेलं.
सत्तर वर्षं तिनं ते दुसरं पाणी प्यालंय,
दातांवर त्याचे तपकिरी पट्टे आहेत,
गुडघ्यांत त्याची करकर.
घोट घेतला, तोंडात घोळवला,
याला चवच नाई गं,
पाणी पिल्यासारखं वाटंना.
मग उठून माठातलं तांब्याभर प्याली, घटाघटा.
अहवाल माझ्या पर्समध्ये होता.
मी काढला नाही.

तळाशी राहिलं होतं थोडं.
दत्ता म्हणाला, असलंच पाणी लागतं बॅटरीला,
आणि इन्व्हर्टरचं झाकण उघडून
त्यानं ते सगळं आत सोडलं.
रात्री दीडला लाईट गेली.
मायच्या खोलीतला पंखा
फिरत राहिला.