नऊपैकी एक

वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात
रिंग गंजते दर दोन वर्षांनी.
जाळी मात्र टिकते :
ती गिरपच्या बापानं विणलेली,
रापणीच्या उरल्या दोऱ्यानं.

नऊ सामने. आठ हरलो.
आरोलकर सर ओरडले एकदाच,
जिंकलो तेव्हा :
"शेवटची पाच मिनिटं पास विसरलात!"

कुडाळला सव्वीस गुणांनी आपटलो,
त्या रात्री एसटीत
चेंडू मांडीवर घेऊन बसले होते सर,
बिनतिकिटाच्या पोरासारखा.
झारापपर्यंत कुणी बोलेना.
मग पुढं बघतच म्हणाले,
"तिसऱ्या क्वार्टराक
डाव्या बाजून बरां घुसलंस रे."

कोणाला, ते अंधारात कळलं नाही.
आम्ही बाराही जण
जरा सरळ बसलो.