कान लावणारी

स्टोकला, लाँगटनमधल्या त्या कारखान्यात
ग्लेनिस टनिक्लिफ कपांना कान लावायची.
एकतीस वर्षं.
मी अकरा दिवस तिच्या मागं उभा,
फळीला अडकवलेलं घड्याळ,
सेकंदाचे शंभर तुकडे करणारं,
आणि तक्ता: पोहोच, पकड, ने, जुळव, सोड.

डाव्या हातात कप, न भाजलेला, चामड्याइतका घट्ट.
उजवा हात कानांच्या ढिगाकडं,
मग पातळ मातीच्या वाडग्याकडं
(वाडगं लांब, उंचावर, कोपर खांद्याच्याही वर),
बुडव, झटक, टेकव, दाब,
ओल्या स्पंजाचा एक फेर.
आणि मग कप उचलून खिडकीकडं वळवायची.
काही करायची नाही. नुसता वळवायची.
नव्वद शतांश.

बावीस सेकंदांना एक कप.
त्यातला हा तुकडा कुठल्या रकान्यात घालू, कळेना.

मधल्या सुट्टीत विचारलं. चहा पीत होती,
घरून आणलेल्या प्लास्टिकच्या मगातून.
म्हणाली, "डक," –
इथं सगळ्यांनाच बदक म्हणतात, रागवायचं नसतं –
"कान लागेपर्यंत कपाला पुढं-मागं नसतं.
लागला की तोंड फुटतं.
कुणाकडं बघतोय, ते बघते."

कान हा शब्द माझा, तिचा नव्हे.
मी सांगितलं, आमच्याकडं कपाला मूठ नसते, दांडा नसतो,
कान असतो. तुटला तरी कप टाकत नाहीत,
मोरीत ठेवतात, वडिलांच्या दाढीच्या पाण्याला.
ती हसली. "मग ऐकतो का?"

मी माझं काम केलं. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू.
वाडगं डावीकडं आणलं, दोन वीत जवळ.
स्टूल चार इंच वर.
कान खाचांच्या ट्रेमध्ये, एकाच दिशेनं, पाठ वर करून;
चाचपणं बंद.
बावीसाचे सतरा झाले.
तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, काल रात्री
उजव्या कुशीवर झोपले. किती वर्षांनी!
ते वाक्य मी अहवालात घातलं होतं.
वर जाताना कुणीतरी खोडलं.

चार बाकं, चार बायका.
चार गुणिले सतरा, भागिले बावीस:
तीन पूर्णांक शून्य नऊ.
उत्पादनाचा साहेब, ओव्हरटन,
त्या शून्य नऊवर पेन टेकवून बसला.
"हे कुठं आहे?"

मला माहीत होतं.
ते खिडकीकडं वळतं.
चौघीही वळवत, ग्लेनिसकडूनच शिकलेल्या.

त्या रात्री खोलीवर तक्ता पसरला.
'टाळता येण्याजोगा विलंब' मधून
तो नव्वद शतांश उचलला, 'तपासणी'त लिहिला.
खोटं नव्हतं.
शपथेवर सांगावं इतकं खरंही नव्हतं.

तसा काही फरक पडला नाही.
शून्य नऊचं कुणाला काय, तीन दिसत होते.
चौथं बाक भिंतीला लागलं.
त्या बाकावरची शार्लीन ब्लूर, तेवीस वर्षांची,
दोन महिने पॅकिंगला होती.
पुढं कुठं, मी विचारलं नाही.

कानाला खडा लावीन म्हटलं.
सोमवारी बर्स्लेमला होतो,
दुसरा कारखाना, बशा, तेच घड्याळ.

निघताना ग्लेनिसनं वर्तमानपत्रात गुंडाळून
एक कप दिला होता. एकदाच भाजलेला,
झिलई नाही, नक्षी नाही,
दोन्ही बाजूंना कान.
"एकानं ऐकू येत नसेल तर," म्हणाली.
तिला कसं सांगू, आमच्यात दुसरा कान
ऐकलेलं सोडून द्यायला असतो.

खिडकीत ठेवलाय.
धूळ पुसताना दर वेळी हातात घेतो, फिरवतो.
त्याचं पुढं कुठलं, मागं कुठलं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.