चावी पायपुसण्याखाली

मालिकेचं नावच ते होतं.
गुरुवारी रात्री साडेनऊ. तेरा भाग, मग बंद.
मी तेव्हा सांगलीत केबलचं बिल गोळा करायचो,
खणभाग, गावभाग, लांब विश्रामबागपर्यंत,
म्हणजे महिन्याला दोनशे दारांत
मला ती मालिका ऐकायला मिळायची. बघायला नाही.
साडेनऊला मी कुणाच्या तरी गच्चीवर,
तोंडात टॉर्च, हातात पक्कड.

खालून हसू यायचं, टीव्हीतलं, डबाबंद.
आधी आमच्या तारेवरच्या घरांतून,
दोन सेकंदांनी छत्रीवाल्यांच्या घरांतून तेच.
पलीकडच्या गल्लीला विनोद उशिरा कळायचा.

उपाध्येबाई चिल्लर मोजता मोजता म्हणाल्या,
"चौघं एका फ्लॅटात, दोन मुली दोन मुलगे, ते असू दे.
पण इतक्या आठवड्यांत एकदाही सिलिंडर संपला नाही?
लिहिणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं, विचारा."

मगदूम अडत्यांना काळजी भाड्याची.
हळदीच्या पोत्यावर बसून हिशेब मांडला त्यांनी:
एक चित्रकार, एक बेकार, एक नुसतीच गोड,
कमावती एकटी. "टिकायचं नाही हे."
नाही टिकलं, तेव्हा पेठभर सांगत सुटले.

विश्रामबागेतली पोरं, खोलीत सहा, बादली एक,
बिल तीन महिने थकलेलं:
"एवढा सोफा असतोय व्हय, अण्णा?"

शिकलगारांची आफरीन मिरजेला नर्सिंगला.
वडील झोपलेले, म्हणून आवाज बंद करून बघायची.
"मुकी असली की बरी वाटते," म्हणाली.
"पण नवव्या भागात मंदार बदलला.
दुसराच माणूस. त्याच कपातनं चहा प्याला
आणि तिघांतल्या एकानं विचारलं नाही, तू कोण?"
बोलताना पावती तिनं चार वेळा दुमडली.

वाटवे तात्या एकटे. त्यांचं मत एका ओळीचं:
"न विचारता आत येतात हो एकमेकांकडं."

तेराव्या भागात घरमालकाची नोटीस. खाली 'क्रमशः'.
पुढच्या गुरुवारी त्या जागी एक सासू,
चांदीचं ताट आणि खिरीत काहीतरी.

मग लोक मला विचारायला लागले, पुढं काय झालं?
तार मी ओढलेली, म्हणजे गोष्टही माझ्याकडंच असणार.
आधी म्हटलं, माहीत नाही.
एक दिवस जिने चढून पाय भरून आले होते,
उपाध्येबाईंना सांगून टाकलं, सिलिंडर संपला.
"बघा!" म्हणाल्या, आणि पाण्याबरोबर वडी दिली.
मगदूमांना सांगितलं, बेकार लागला कामाला, मार्केट यार्डात.
पोरांना सांगितलं, सोफा विकला, थकलेलं भाडं भागलं.
त्यांनी एका महिन्याचं बिल दिलं.

आफरीनपाशी अडखळलो.
"जुना मंदार परत आला?"
आला.
"मग नवा?"
तोही आहे. एक जमिनीवर झोपतो.
ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, कोणता?

तिकडं मगदूम आणि उपाध्येबाई मंडईत भांडले,
चौघांत दोन पगार आल्यावर सिलिंडर संपेलच कसा, यावरून.

तात्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.
त्यांनी विचारलंच नव्हतं.
मार्चच्या पावतीला गेलो तर दार बंद,
घंटेच्या बटणावर चिकटपट्टी,
पायपुसणं एका कोपऱ्यात किंचित वर आलेलं.
खाली घडी घातलेले दोनशे चाळीस रुपये.
आणि चावी.

आत बातम्या चालू होत्या.
मी चपला काढल्या, पैसे खिशात टाकले
आणि चावी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो,
मी न बघितलेल्या तेरा भागांतल्या
कुठल्या भागापासून सुरुवात करावी, ते ठरवत.