तिसऱ्या खुणेच्या जरा पुढं

कॅम्पातल्या आपल्या ओट्यावर इनास कुलासोनं
बास माझ्या मांडीवर ठेवला
आणि किंमत सांगायच्या आधी दोष सांगितले.
मान किंचित वाकलीय. जाड तारेची खुंटी सैल.
पडदे मीच उपसले, पकडीनं, एका पावसाळ्यात,
लग्नं नव्हती, काम नव्हतं.
खाचांत व्हिनियरच्या पट्ट्या कोंबल्या,
वरून अराल्डाइट. ते आता पिवळं पडलंय.
"नख फिरवून बघ," म्हणाला,
"रेषा दिसतात, लागत नाहीत."
मग स्वतःची बोटं दाखवली. करंगळी मिटत नव्हती.

अठरा हजार.

मी उद्यमबागेत लेथवर असतो.
केसाएवढा फरक पडला तर माल बाजूला काढणारा माणूस.
अठरा हजार नव्हते. होता तो काळा, पाच तारांचा, पडद्यांचा,
ज्यावर सात वर्षं ऑर्केस्ट्रात मी बेसूर झालो नाही,
कारण होताच येत नव्हतं.

तो न्यायला सदलग्याहून भरतेश मगदूम आला,
मोटरसायकलवर, मागं मामा, मामाच्या हातात रिकामं पोतं.
भरतेश मामाला कन्नडात म्हणाला, चौदापर्यंत जाऊया.
मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाला, अकरा.
मी कन्नडात म्हणालो, चौदा.
आधी मामा हसला.
पट्टा मी तसाच दिला, घामाचा वास येत होता त्याला.
पोतं गिटारला आखूड पडलं,
मान बाहेर काढून ते चिकोडी रोडला लागले,
वळणापर्यंत खुंट्या चमकत होत्या.
उरलेले चार हजार कोरस पेडलचे.
ते चर्चमधल्या एका पोरानं
दोन हप्त्यांत दिले, दुसरा हप्ता सुट्ट्या नोटांत.

आता वडगावात, माझ्या वरच्या खोलीत,
नऊपर्यंत शेजारचे माग चालतात, तोवर काही उपयोग नाही.
नऊनंतर मी चुकायला बसतो.
पडद्याच्या मागं बोट ठेवायची सवय,
इथं बोट रेषेवरच हवं,
आणि रेषेवर ठेवलं तरी सूर खाली.
बायको दारात येऊन म्हणाली, "कुणाला दुखालंय काय?"

पंधरा दिवसांनी ध्यानात आलं:
मी वरून, तिरका बघतोय.
व्हर्नियर तिरका वाचला की खोटं सांगतो,
हे मी नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो.
दिवा घालवला.

अंधारात पहिल्यांदा ऐकू आला
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर.
तो रात्रभर एकच सूर धरून असतो,
कुणी ऐको न ऐको, पगाराविना.
जाड तारेवर बोट सरकवत शोधला त्याला:
तिसऱ्या खुणेच्या जरा पुढं,
चौथीच्या बरंच अलीकडं.
काळ्या बासवर ही जागाच नव्हती.
बोट तिथं टेकलं आणि तार फुगली,
लाकूड छातीच्या हाडात बोलायला लागलं,
मागच्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर थरथरलं.
मी हललो नाही. उठून पाणीसुद्धा प्यायलो नाही.

मग लाइट गेली.
ट्रान्सफॉर्मर गप्प. ॲम्प गप्प.
बोट मात्र तिथंच होतं,
आणि ती जागा बरोबर आहे काय
हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

रविवारी इनासचा फोन.
"विकलं ते विकलं. पण ऐकीव की."
स्टुलावर फोन ठेवून मी वाजवलं, दहाएक मिनिटं,
शेवटी ती ट्रान्सफॉर्मरची जागा, लांबवून.
पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
"सूर काय पोचला नाही बाबा," म्हणाला,
"फोनात खर्ज मावत नाही.
तारेवरनं बोट घासत गेलं तेवढं ऐकू आलं.
थांबालास लवकर. अजून थोडं जाऊ दे, मग परत ये."

ठेवता ठेवता विचारलं,
"खुंटी घट्ट केलीस?"
लेथवर तिच्या मापाचा वॉशर काढून आठवडा झालाय.
शर्टाच्या खिशात आहे.
"नाही," म्हणालो.
"बरं," म्हणाला तो.