पापणी आणि भुवई

ल्युडरिट्झमध्ये वारा दुपारी दोनला कामावर हजर होतो
आणि रात्रपाळीही तोच करतो.
वाळू दाराखालून येते, किल्लीच्या भोकातून येते,
पावात, दाढेत, पासपोर्टच्या फोटोत.
हिस्कियामामा म्हणतो, या गावात ज्याला डोळा आहे
त्यानं पापणीही बाळगावी आणि भुवईही.

त्याच्या लेन्सला दोन्ही आहेत :
तोंडावर सपाट काचेचा फिल्टर,
त्यापुढे पाकळ्या कातरलेला काळा हूड.

धक्क्यावर लोक हसतात.
टांगेनी, ज्याच्या बोटीचे फोटो आम्ही दरवर्षी विम्यासाठी काढतो,
विचारतो, घरात बसूनही छत्री उघडतोस का रे?
मामा म्हणतो, तू लाइफजॅकेट घालतोस, मग बोटीला कठडा कशाला?
टांगेनी म्हणतो, मी कुठं घालतो.
तिथंच संपतं.

खरं भांडण जुनं, घरातलं.
एमगार्टमामीला फिल्टर हवा होता.
वाळू काय तुझ्या हूडची परवानगी काढून येते?
मामाला हूड पुरे होता.
आणखी एक काच म्हणजे आणखी एक आरसा,
कडेनं ऊन घुसलं की चित्रात हिरवं भूत येऊन बसतं.
अकरा वर्षं दोघंही बरोबर होते.
मग ती स्वाकोपमुंडला निघून गेली,
जाताना लेन्सवर फिल्टर बसवून.

मामानं तो काढला नाही. त्यावर हूड चढवला.
मी मोठी झाल्यावर विचारलं, तर म्हणाला,
काचेचं भूत हूडच्या सावलीत फिरकत नाही,
तांत्रिक कारण आहे.
आणि ऊन समोरूनच आलं तर?
समोरून येतं त्याला काय करणार, म्हणाला.

मार्चमध्ये मी पडले.
शाळेच्या कॅलेंडरसाठी फ्लेमिंगो हवे होते,
धुक्यानं खडक साबणासारखा झालेला.
गुडघ्याआधी कॅमेरा पोहोचला.
हूडनं पहिला घाव खाल्ला आणि तडकला,
उरलेला फिल्टरनं घेतला, त्याची चांदणी झाली.
मैलभर लेन्सचं तोंड खाली धरून चालत आले,
काचेचा चुरा आत घासू नये म्हणून,
आजारी कोंबडी न्यावी तशी.

मामा ओरडला नाही, ते जास्त लागलं.
त्यानं रबरी फुग्यानं चुरा उडवला, कण न् कण.
पण फिल्टरची कडी चेपलेली,
आटे अठरा वर्षांच्या खाऱ्या हवेनं एकमेकांना धरून बसलेले.
रबरी हातमोजा, रबराचा पट्टा, तेलाचा अर्धा थेंब, शिव्या.
बाहेर वारा पत्र्यावर नखं ओढत होता.
साडेनऊला कडी कुरकुरली, आणि सुटली.

ओरखडा नव्हता.
कडेला मात्र, दिव्याखाली तिरकं धरल्यावर,
एक अंगठा.
रेषा न् रेषा शाबूत, बरणीत मुरवल्यासारखा.
मामानं आपला अंगठा शेजारी धरून पाहिला. दुप्पट मोठा.
माझ्याकडे बघितलं.
तेव्हा मी तीन वर्षांची होते.

म्हणजे टांगेनीच्या तिन्ही बोटी,
चर्चमधली सगळी पांढऱ्या कपड्यांतली पोरं,
माझी शाळेची ओळखपत्रं,
अख्खं गाव त्या बोटाखालून गेलं होतं
आणि एकाही फोटोत दिसत नव्हतं.

त्यानं बाटली उघडली, मऊ फडकं घेतलं,
फडक्याची घडी उलगडली,
परत घातली.
खणातून नवा फिल्टर काढला, बसवला,
शेवटचा अर्धा आटा सैल ठेवून,
इतकं घट्ट करायचं नसतं, म्हणाला, कुणाला कोण जाणे.
हूड यायला विंडहुकहून पंधरा दिवस लागणार होते,
तोवर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून काळा रंगवला.

मग म्हणाला, दार नीट लाव, डोळ्यात वाळू जातेय.
दार लावलेलंच होतं.
मी उठून पुन्हा लावलं.