सात इंचांत बाराखडी

अंबडच्या शेडमध्ये, सोल्डरच्या वासात,
टेबलावर तीन पडदे, सात-सात इंची.
यंत्र मोहाडीच्या पॅकहाउसचं:
क्रेट काट्यावर ठेवलं की वजन आपसूक उमटतं,
वाणाचं नाव मात्र
माणसाला लिहावं लागतं.

पहिला कीबोर्ड बोर्डासोबत फुकट आलेला.
इंग्रजी, आणि कोपऱ्यात पृथ्वीचा गोल;
तो दाबला की मराठी, असं कागदावर.
मुजाहिद म्हणाला, दाब ना.
दाबला.
ओळीने चौकोन उमटले,
रिकामी खोकी, माल भरायचा राहिलेली.

दुसरा देखणा. सगळी अक्षरं हजर,
ङ सुद्धा, ञ सुद्धा,
आणि तुमच्या मनातला शब्द तुमच्याआधी सुचवणारा.
फक्त त्याला आठ मेगाबाइट हवे होते
आणि आमच्याकडे उरले होते सहा.
शिवाय वर आला की अर्धा पडदा व्यापायचा,
जिथे लिहायचं नेमकी तीच ओळ
त्याच्या पोटाखाली.

तिसरा मुजाहिदने स्वतः लिहिला,
द्वारकेची गर्दी ओसरेपर्यंत थांबून, पाच-सहा रात्री.
क ख ग घ, पाढ्यासारखा सरळ.
काच जुन्या पद्धतीची, दाबाची,
मी थोडी लाजतच मागवलेली.

डिसेंबरात तिन्ही घेऊन मोहाडीला गेलो.
आत गारठा. स्वेटरवर एप्रन, डोक्याला जाळी,
कात्र्यांची चिकचिक चिकचिक.
मुकादमाने जिजा भोयेला पुढे केलं.
सुरगाण्याची, सातवीपर्यंत शिकलेली,
मोजे ओले.

पहिल्या दोन पडद्यांना तिचा हात कळेना.
मोज्याच्या आत माणूस आहे
हे काचेला पटेना.
मोजा काढा म्हणाले, तर म्हणाली,
परत हात धुवायची रांग कोण लावील?
आणि तिसऱ्यावर तिने
कात्रीच्या मुठीनंच टोचलं.
उमटलं.

लिहा, द्राक्ष.
तिने द दाबला. आता?
आता त्याचा पाय मोडायचा, मी म्हटलं.
कुणाचा?
द चा. ही तिरकी रेघ आहे ना, ती.
र जवळ यायचा म्हणून द चा पाय मोडायचा?
हो.
पुढं?
पुढं काना, मग क, मग क चा पाय…

कात्र्या थांबल्या. अख्खी रांग हसली.
माझ्या नावातही एक मोडलेला पाय आहे, कृत्तिका,
तीस वर्षं लिहितेय, कधी दुखला नाही,
तिथे दुखला.
जिजा हसली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली,
मांडीवर बसवा की त्याला.
मोडायचं कशाला?

परतताना जानोरी फाट्यापर्यंत
मुजाहिद काही बोलला नाही.
मग म्हणाला, बोट जरा रेंगाळलं तर?

आता द वर बोट रेंगाळलं
की त्याच्या मांडीवर र, य, व येऊन बसतात,
हवा तो उचलायचा.
क्ष ला स्वतःची कळ दिली, ङ ची जागा काढून.
क्रेटवर वाङ्मय कोण लिहिणार आहे!
(माझ्या आईने हे ऐकून दोन दिवस अबोला धरला.
ती मराठीची शिक्षिका होती, सिन्नरला.)
लिहायची ओळ सगळ्यात वर नेली, ठळक, उघड्यावर.
शब्द सुचवणं काढून टाकलं.
तिथल्या बायकांना शब्द सुचतात.

प्रोग्रॅममध्ये त्या तुकड्याचं नाव मांडी.
पुढे कुणी दुरुस्तीला बसेल,
डोकं खाजवेल.

एप्रिलमध्ये एक यंत्र परत आलं,
काटा अडकला म्हणून.
काच तिरकी धरून उजेडात पाहिली:
दोन जागा घासून धुरकट झालेल्या.
एक ‘खोडा’ची कळ, ते अपेक्षितच.
दुसरी द.
त्यावर नखाएवढा खळगा,
आणि कडेला वाळलेला रस,
ओल्या फडक्याने पुसला तरी
बोटाला चिकटणारा.