रेती सोडतात

रत्नागिरीचा टेम्पो आंबा घाट चढून येतो
तेव्हा कोल्हापूर अजून धारेच्या दुधावर असतं.
बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिपकत जातं मार्केटपर्यंत,
आणि नसीमबी मिरकर
माझे दोन वाटे आधीच बाजूला काढून ठेवते.
"खायला की जाळायला?"
जाळायला, मी म्हणते.
"जाळ बाई. पण कागदावर माझं नाव नको."

तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्या
की रेती सोडतात. हे कुणालाही ठाऊक आहे.
सकाळी पातेल्याच्या बुडाशी
चमचाभर समुद्र बसलेला असतो.
बाकीचं त्या सोडत नाहीत.
बाकीचं काढायला मी आहे,
चार हजार रुपये वाढ मागून
न मिळालेली प्रयोगशाळा सहायक.

प्लास्टिकच्या सुरीने उघडायच्या, पोलाद लागता कामा नये.
मांस वाळवायचं, खलात कुटायचं,
नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं.
तांबूस धूर निघतो, पंखा तो ओढून नेतो
आणि शेवटी बाटलीत उरतं
पाण्यासारखं काहीतरी,
ज्याला वास नाही, आंबटगोड इतिहास नाही,
फक्त चिकटपट्टीवर: ति-१, ति-२, ति-३.

प्रत्येक धातूचा दिवा वेगळा.
शिशाचा काढला, कॅडमियमचा बसवला.
दोनशे अठ्ठावीस पूर्णांक आठ.
हा उजेड डोळ्यांना दिसत नाही.
नमुना ज्योतीत शिरतो
आणि त्यातला जेवढा उजेड ते खातं
तेवढं ते असतं.

ति-३ ने बराच खाल्ला.

इंगवले मॅडम म्हणाल्या, पुन्हा लाव.
पुन्हा लावलं. पुन्हा तेवढंच.

संध्याकाळच्या एसटीने हुपरी.
आप्पा ओट्यावर, पायांना सूज,
बोटं अजून पैंजणाच्या कडीएवढं अंतर धरून.
चाळीस वर्षं झाळकाम. फुंकणी तोंडात,
घुंगराला घुंगरू, पिवळट धूर, बंद खिडकी,
वाऱ्याने ज्योत हलते म्हणून.
"काय सापडलं गं आज शिंपल्यात?"
कॅडमियम, मी म्हटलं.
त्यांचा चेहरा एकदम उजळला,
जुन्या गावचा माणूस भेटावा तसा.
"लई गुणाचा माल. दुसरी झाळ अडखळती,
ही पाण्यागत पळती.
सांधा कुठं हाय, सांगून दाखव."

मग गप्प.
मग, "पर आपलं पाणी तर तिकडं जात न्हाई."
जात नाही, आप्पा.
आपली पंचगंगा वाडीला कृष्णेत मिळते,
आणि तिथून पार त्या बाजूच्या समुद्राला.
घाट चढून कोकणात कोण उतरणार?
ते हायसं वाटून घेतात. मी घेऊ देते.
त्या बाजूच्या समुद्रातही
कुणीतरी तिसऱ्या पाण्यात ठेवत असेल रात्रभर,
हे बोलत नाही.

डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं होतं.
मला ते शिंपलीचंच वाटलं:
आयुष्यभर एका जागी बसून
आलेलं पाणी गाळणं,
आणि गाळलेलं कुठं ठेवायचं ते न कळणं.

शुक्रवारी सगळे गेल्यावर
मी डबीतून आप्पांची नखं काढली.
रविवारी अंगणात कापलेली,
त्यांना वाटलं मी केर भरतेय.
धुतली, वाळवली, उकळली.
तोच तांबूस धूर.
बाटलीवर चिकटपट्टी लावली नाही.
कॅडमियमचा दिवा अजून गरम होता.

आकडा आला. रजिस्टरात
त्या दिवशी सतरा नमुने आहेत.

मंगळवारी नसीमबीने दोन वाटे काढून ठेवले होते.
"या खेपेला तरी एक खायला ने," ती म्हणाली,
"आमी रोज खातो."
तिची बोटं बर्फाने पांढरी पडली होती,
नखं आखूड, स्वच्छ.
मी बघत राहिले जरा जास्त वेळ.
तिने हात पदराखाली घेतला.